चौथ्या मजल्यावरचे स्थलांतरित

बीएलओ म्हणजे काय हे मला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी बीएलओ झालेले होते. अंबरनाथच्या ज्या शाळेत मी चौथीला शिकवते, तिथल्या मुख्याध्यापकांनी एक कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "सही करा. फार काम नसतं." फार काम नसतं असं सांगून दिलेलं काम त्याआधी तिघांनी नाकारलेलं असतं, एवढं तरी मला वीस वर्षांच्या नोकरीत कळायला हवं होतं. पण कागदावर 'मतदान केंद्रस्तरीय अधिकारी' असं छापलेलं होतं आणि अधिकारी या शब्दाला मी भुलले.

अधिकार एवढाच, की बदलापूर पूर्वेला, कात्रपमध्ये, माझ्याच घराच्या आसपासच्या हजारावर मतदारांची यादी माझ्या ताब्यात आली. कोण राहायला आलं, कोण सोडून गेलं, कोण वारलं, कोण अठराचा झाला हे दारोदार विचारायचं. निवडणूक आली की घरोघरी मतदार चिठ्ठ्या वाटायच्या. हे सगळं शाळा सुटल्यावर, रविवारी आणि सुट्टीत.

दुपारी चारला गळ्यात ओळखपत्र अडकवलेली बाई बेल वाजवते म्हणजे ती पाण्याचं फिल्टर विकायला आलीय, यावर आमच्या भागात एकमत आहे. दार उघडायच्या आधीच आतून आवाज येतो, "नको, आहे आमच्याकडे." एकदा मी कंटाळून बाहेरूनच ओरडले, "मतदार यादी!" तर आतून उत्तर आलं, "ती पण आहे."

जी दारं उघडत, तिथे मी दोन मिनिटं भाषण करत असे. लोकशाही, हक्क, कर्तव्य. चौथीच्या नागरिकशास्त्राला लागतं तेवढं मला पाठच होतं. लोक ऐकून घेत, मान डोलवत आणि विचारत, "मॅडम, ते आधारचं काम पण तुमच्याकडेच का?"

घरची परिस्थिती वेगळी नव्हती. आमचे हे लहानाचे मोठे झाले उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये. आम्ही बदलापूरला येऊन पंधरा वर्षं झाली, पण ह्यांचं नाव अजून तिकडच्याच यादीत. जिथे राहतो तिथे नाव हवं, हा नियम मी अख्ख्या कात्रपला समजावत फिरायचे आणि घरी पत्ता बदलायचा फॉर्म आठ टीव्हीखाली पडून असायचा.

"अहो, बीएलओच्या नवऱ्याचं नाव चुकीच्या यादीत. लोक काय म्हणतील?"

"करू गं. ही निवडणूक होऊन जाऊ दे."

अशा दोन निवडणुका होऊन गेल्या होत्या. कारण मला ठाऊक होतं. मतदानाच्या सकाळी हे कॅम्प दोनला जातात, शाळेतल्या मित्रांबरोबर मत देतात आणि मग सगळे मिळून बाजारातल्या एका गाडीवर दालपकवान खातात. त्या घोळक्यात अर्धे सिंधी, अर्धे मराठी, आणि एकानेही आजवर एक मतदान चुकवलेलं नाही. निवडणूक आयोगाने जनजागृतीवर एवढा खर्च करण्यापेक्षा केंद्राबाहेर दालपकवानची गाडी लावावी असं मला पुष्कळदा वाटलंय. पण वरिष्ठांना सुचवायची हिंमत झाली नाही.

चौथ्या मजल्यावरच्या काकांची आणि माझी पहिली गाठ यादी तपासणीच्या फेरीत पडली. इमारत जुनी, लिफ्ट नाही. मी वर पोचले तेव्हा मला बोलता येत नव्हतं आणि काकांना नेमकी अशीच पाहुणी हवी होती. अंबरनाथच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले, बनियनवर. त्यांनी मला खुर्ची दिली आणि सांगितलं, "नाव आहे, बरोबर आहे. पण उपयोग नाही. गेल्या चार निवडणुका मी मत दिलेलं नाही."

"का हो काका?"

"निषेध म्हणून."

"कुणाला कळवलात का निषेध?"

"त्यात कळवायचं काय?"

"मग त्यांना कसं कळणार की हा निषेध आहे, आळस नाही? आमच्या कागदावर दोन्ही सारखेच दिसतात."

काकांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र निरखलं. मग म्हणाले, "शिक्षिका आहात ना तुम्ही?"

"हो."

"वाटलंच."

त्यानंतर पाऊण तास ते बोलले. मतदान कमी झालं की पेपरवाले लोकांना झोडपतात, नेते लोकांना झोडपतात, आणि आता शाळेतल्या बायकासुद्धा दारात येऊन झोडपायला लागल्या. "आमच्या कारखान्यात माल परत आला ना मॅडम, तर आम्ही आधी मशीन बघायचो. गिऱ्हाईकाला शिव्या नाही घालायचो. इथे उलटं. माल तसाच आणि गिऱ्हाईक बेजबाबदार!" हे बोलणं मला पटलं होतं, पण ओळखपत्र गळ्यात असताना पटल्याचं दाखवणं बरं दिसलं नसतं. मधे काकूंनी पाणी आणून दिलं. ग्लास देताना त्या काहीतरी म्हणाल्या, पण काका तेव्हा पाण्याच्या टँकरवर आले होते आणि त्यांचा आवाज चढलेला होता. मी रजिस्टरात दोन नावांपुढे बरोबरची खूण केली आणि जिना उतरले. उतरताना मनात म्हटलं, यांचं मत काही येत नाही.

निवडणूक लागली ती ऐन मे महिन्यात. शाळेत आम्ही मुलांकडून पालकांची संकल्पपत्रं भरून घेतली होती, 'आम्ही मतदान करणारच'. सगळ्यांच्या सह्या आल्या. मग परीक्षा संपल्या आणि सह्या करणारे कुणी रत्नागिरीला, कुणी साताऱ्याला निघून गेले. त्यात मतदान सोमवारी. शनिवार, रविवार आणि पगारी सुट्टी. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मतदानाच्या आवाहनापेक्षा रिसॉर्टचे फोटो जास्त होते.

आणि मी चिठ्ठ्या वाटत होते. नियम असा, की घर बंद असेल तर तीन वेळा जायचं. तिन्ही वेळा कुणी भेटलं नाही, तर शेजाऱ्यांना विचारून ते नाव एका वेगळ्या यादीत टाकायचं. अनुपस्थित, स्थलांतरित, मयत. ती यादी मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षांपुढे असते. त्यातलं कुणी मत द्यायला आलं, तर त्याची नीट तपासणी होते.

काकांच्या दाराला कुलूप होतं. दोन दिवसांनी संध्याकाळी पुन्हा चढले. कुलूप.

आता जे सांगते ते मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. तिसऱ्यांदा मी चढलेच नाही. दुपारचा एक वाजला होता, सकाळपासून सहा इमारती झाल्या होत्या, चपलेचा अंगठा सुटलेला. इमारतीखाली एक इस्त्रीवाला बसतो. त्याला विचारलं, "चौथ्या मजल्यावरचे काका-काकू आहेत का वर?"

"वो लोग तो गाँव चले गए, मॅडम."

"कायमचे?"

त्याने इस्त्री उचलली, तोंडातलं पाणी शर्टावर फवारलं आणि खांदे उडवले. खांदे उडवण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला. तिथेच जिन्याच्या सावलीत बसून रजिस्टरात तीन भेटींच्या तीन तारखा लिहिल्या आणि दोन्ही नावांपुढे 'स्थलांतरित' असा शेरा मारला. मनात काही खळखळ झाली नाही. उलट वाटलं, नाहीतरी हे कुठे मत देणार होते? निषेध करतात ना, करू देत गावाला बसून.

मतदानाच्या दिवशी आमचं केंद्र कात्रपमधल्याच एका शाळेत होतं. बाहेर मांडव, त्यात माझं टेबल, टेबलावर यादी. ज्यांच्याकडे चिठ्ठी नाही त्यांना अनुक्रमांक शोधून द्यायचा. फाटकाजवळ रांगोळी आणि 'सेल्फी पॉइंट'. पुठ्ठ्याचं माणसाएवढं बोट, टोकाला शाईचा ठिपका. सकाळी सातला म्हाताऱ्यांची रांग लागली. काठ्या, टोप्या, एकमेकांच्या चौकशा. नऊपर्यंत गर्दी होती, मग ऊन चढलं आणि सामसूम झाली. एक चौकोनी कुटुंब आलं, त्यांनी आधी पुठ्ठ्याच्या बोटाबरोबर झकास फोटो काढले, मग आत दहा-बारा माणसं उभी दिसली तशी "नंतर येऊ" म्हणून निघून गेलं. त्यांचा फोटो ग्रुपवर आला, ते आले नाहीत.

ह्यांचा फोन आला, "झालं मतदान. आता खातोय." मी म्हटलं, "कर्तव्य पार पाडा."

दुपारी तीनच्या सुमाराला फाटकाशी स्कूटर थांबली. स्कूटरवर काका होते. मागे काकू, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या.

मी यादीचं पान उगाच उलटलं.

"हिला सोडायला आलोय," काका लांबूनच मोठ्याने म्हणाले. "मी आत येणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. पण हिने गावाहून यायचा हट्ट धरला. रात्रभर एसटीत बसून कालच आलो. का, तर मतदान!"

काकू लंगडत माझ्या टेबलाशी आल्या आणि हसल्या. "चिठ्ठी नाही मिळाली गं मला. नंबर काढून देतेस?"

त्याच वेळी उठून, आत जाऊन केंद्राध्यक्षांच्या कानावर घालायला हवं होतं की चूक माझी आहे. मी नंबर काढून दिला. "सरळ जा काकू, खोली नंबर दोन," एवढंच बोलले. काकू आत गेल्या आणि मी यादीत तोंड घालून नावं वाचायला लागले. एकही नाव मला दिसत नव्हतं.

पाचच मिनिटांत आतून मतदान अधिकाऱ्याचा आवाज आला, "आजी, तुमचं नाव स्थलांतरितांच्या यादीत आहे. थांबा जरा."

काकूंचा आवाज बारीक. "स्थलांतरित म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही इथे राहत नाही."

"मी इथेच राहते हो. बावीस वर्षं झाली."

काका फाटकापाशी स्कूटरला टेकून उभे होते. आयुष्यात त्यांना एवढं लांबचं ऐकू आलं नसेल. ते तरातरा आत शिरले, पोलीस "काका, काका" करत मागून धावला, आणि मी पोलिसाच्या मागून.

"कोण म्हणतं ही इथे राहत नाही?"

केंद्राध्यक्ष भिवंडीकडचे कुणी शिक्षकच होते, आदल्या दिवसापासून केंद्रात मुक्कामाला, डोळे तांबारलेले. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, आवाज करू नका. बीएलओ मॅडम तीन वेळा तुमच्या घरी येऊन गेल्या. घर बंद होतं. खाली चौकशी केली, तसं कळलं. हे बघा, तारखा आहेत."

खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "घर बंद होतं."

तीनातले दोन हिस्से ते खरं होतं.

"बंद होतं म्हणजे गेलो का आम्ही?" काका म्हणाले. "माणसाने गावाला जाऊच नये? आंबे उतरवायला गेलो होतो! कुलूप दिसलं की माणूस संपला?"

"साहेब, हक्क जात नाही कुणाचा. आजींचं ओळखपत्र बघतो, एका कागदावर त्यांची सही घेतो, अंगठा घेतो, की झालं. नियमच आहे."

काकूंनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं ओळखपत्र काढलं. केंद्राध्यक्षांनी फोटो पाहिला, काकूंना पाहिलं. सही झाली, अंगठा झाला, बोटाला शाई लागली आणि काकू पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या. मशीनचा लांब आवाज आला, मत नोंदलं गेलं.

केंद्राध्यक्ष कागद आवरता आवरता सहज म्हणाले, "साहेब, तुमचंही नाव ह्याच यादीत आहे. पण तुम्हाला द्यायचंच नसेल तर प्रश्न नाही."

"प्रश्न नाही म्हणजे?"

"म्हणजे मघाशी बाहेर म्हणत होतात ना, की आत येणार नाही."

काकांचा चेहरा लाल झाला. "ते मी म्हणणार! मत द्यायचं की नाही ते मी ठरवणार. तुम्ही कोण मला स्थलांतरित ठरवणारे? काढा तो कागद. अंगठा कुठे लावायचा?"

चार निवडणुकांचा निषेध असा दोन मिनिटांत संपला. आडोशामागे मात्र काका बराच वेळ होते. मतदान अधिकारी घड्याळ बघायला लागले. इतक्या वर्षांनी आलेलं गिऱ्हाईक, माल नीट निरखून घेत असावं.

बाहेर आल्यावर काका सरळ स्कूटरकडे गेले. बोट मात्र जरा लांब धरून बघत होते, नवी अंगठी घातल्यासारखं. काकू माझ्या टेबलापाशी थांबल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "अगं, तीन वेळा चढून आलीस तू? एवढ्या उन्हात? मला माहीत असतं तर खालच्या इस्त्रीवाल्याकडे फोन नंबर ठेवून गेले असते."

त्यांनी झोडपलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात नेहमीप्रमाणे 'मतदारांची उदासीनता' आलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर खडाजंगी झाली. एकाने लिहिलं, बदलापूरकरांना लाज वाटली पाहिजे. हे त्याने अलिबागहून लिहिलं होतं. कुणी उन्हाला दोष दिला, कुणी आयोगाला, कुणी उमेदवारांना, आणि बऱ्याच जणांनी मतदार याद्यांना. 'बीएलओ लोक घरी येतच नाहीत' या वाक्याला एकवीस अंगठे मिळाले. एरवी मी तिथे लांबलचक उत्तर टाइप केलं असतं. त्या दिवशी फोन उलटा ठेवला.

मला टोचत होते ते काका नव्हतेच. त्यांचं मत येणार नाही असं मी गृहीत धरलं होतं आणि त्यांनी ते खोटं पाडलं, ही गंमत झाली. पण मी त्या घराचा हिशेब फक्त काकांवरून मांडला होता. घरात दुसरी एक मतदार आहे, तिचं स्वतःचं काही म्हणणं असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. वर्गात मुलींना मी काय काय सांगते! आणि रजिस्टरात दोन नावांपुढे एकच कंस काढून एक शेरा मारून मोकळी झाले.

मी आम्हा बीएलओंच्या पर्यवेक्षकांना फोन केला. सांगितलं की तीन भेटींपैकी एक खोटी आहे. त्यांनी आधी तिकडचं दार लावून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "मॅडम, दोघांचंही मतदान झालं ना?"

"झालं."

"तक्रार आलीय का?"

"नाही."

"मग हे तुम्ही मला सांगितलेलं नाही, आणि मी ऐकलेलं नाही." आणि फोन ठेवता ठेवता, "दोनदा खरंच गेला होतात? चांगलंय."

त्या 'चांगलंय'ने उरलेली लाजही वाटली. मग रविवारी सकाळी उठले आणि त्या इमारतीत गेले. या वेळी कुठलंही रजिस्टर न घेता.

दार काकूंनी उघडलं. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं. इस्त्रीवाला, जिना, तीन तारखा, सगळं. काका वर्तमानपत्र खाली घेऊन ऐकत होते. काकू उभ्याच होत्या.

माझं झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला वाईट वाटलं हे ऐकून. वाटलं नाही असं कशाला म्हणू? सासरचं गाव सोडून इथे आले तेव्हापासून एक मतदान चुकवलेलं नाही मी. ह्यांच्या निषेधाच्या वेळीसुद्धा एकटी चालत जायचे. पहिल्यांदा तू आलीस ना, तेव्हा पाणी देताना तुला तेच सांगत होते, की बाई, माझी चिठ्ठी नक्की आण."

"मला ऐकू नाही आलं काकू."

"तुला कसं येणार? ह्यांचं चालू होतं."

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मला वाटलं, आता तासभर सुटका नाही. पण ते हसायला लागले. आधी गालात, मग चांगले खोकला येईपर्यंत. "म्हणजे मॅडम, तुम्ही जिना चढला असता, शेजाऱ्यांना विचारलं असतं, तर मी नेहमीसारखा घरी बसलो असतो. बरोबर? तुम्ही चढला नाहीत, मला नाहीसा केलात, म्हणून मी मत दिलं. तुमच्या आळसाने एक मत वाढलं!"

"काका, ते मी अहवालात लिहू शकत नाही."

"लिहा हो. कुणाला तरी खरं कारण कळू दे."

काकूंनी त्यांच्याकडे एकदाच बघितलं आणि त्यांनी घडी घातलेलं वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुढच्या वेळी दार बंद असलं तर मला फोन कर. ह्यांना नाही, मला. लिहून घे नंबर." मी लिहून घेतला, त्यांच्या नावाने, वेगळा. "आणि आलीच आहेस तर जेवून जा. गावचे आंबे आहेत, त्या आंब्यांपायी तर हे सगळं रामायण झालं."

मी नको म्हणायचं नाटक केलं, पण ते फार टिकलं नाही. काकूंनी पानं घेतली. काका माझ्यासमोर बसले आणि भात कालवता कालवता म्हणाले, "आता मुद्द्याचं बोलू. टक्केवारी कमी झाली, याला जबाबदार कोण?"

काकू आमटी वाढत म्हणाल्या, "जेवू द्या तिला."

त्या दिवशी मी दोनदा भात घेतला आणि तीन आंबे खाल्ले. हात धुवायला उठले तेव्हा काका नगरपालिकेपर्यंत आले होते. विधानसभा आणि संसद अजून बाकी होती.